परदेशचा ढोल आणि घरची हलगी

परदेशी विद्येसाठी गेलेला मनुष्य परत येताना काय घेऊन येतो, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. पदवी तो आणतो, थोडाफार पैसा आणतो, दोन-चार नव्या सवयी आणतो. याखेरीज आणखी एक वस्तू त्याच्याबरोबर येऊ शकते, आणि तिच्यावर जकात लागत नसल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे त्याचा बदललेला कान. परमुलखात त्याने जे ऐकले, त्यामुळे घरचे आवाज त्याला पूर्वीपेक्षा निराळे ऐकू येऊ लागतात. या कानाचा उपयोग आपण करून घेतो की नाही, एवढाच आजच्या आमच्या विवेचनाचा विषय आहे.

निमित्त कोरियाचे आहे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. या विद्यापीठातील पदार्थविज्ञान व रसायन या शाखांत, काचेसारख्या पृष्ठावर अतिशय पातळ थर चढवून त्यांचे गुणधर्म तपासण्याच्या शास्त्रात पुष्कळ काम झाले. त्या कामाच्या बळावर येथील अनेक तरुण पुढील संशोधनासाठी दक्षिण कोरियास गेले. सेऊलचे हानयांग विद्यापीठ, ग्वांगजू शहरातील चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठ ही नावे आता कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडील घराघरांत ठाऊक झाली आहेत. दिवसभर प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण एखाद्या सायंकाळी तेथल्या नाट्यगृहात जातो आणि त्या देशाचे परंपरागत तालवाद्यांचे वादन ऐकतो. ते ऐकून तो थक्क होतो, घरी दूरध्वनी करतो, चित्रफीत पाठवतो. "आई, हे ऐक, आपल्या जोतिबाच्या यात्रेसारखं वाजतंय!" असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले तर त्यात नवल नाही. आम्हांला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो. तेथे ते वाद्य वाजवणारा कोण, आणि येथे यात्रेत वाजवणारा कोण? दोघांना मिळणारा मान सारखा आहे काय? नसेल, तर तो का नाही?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी, कोल्हापूरचा आणि परदेशगमनाचा संबंध किती जुना आहे ते थोडक्यात पाहू.

१८७० साली छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासास गेले. त्यांचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे. समुद्र ओलांडणे हेच जेव्हा पातक मानले जाई, त्या काळची ही गोष्ट. तो तरुण राजा रोज जे पाही ते दैनंदिनीत टिपून ठेवी, आणि ती दैनंदिनी पुढे १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला, आणि तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. त्यांनी युरोपात जे ऐकले-पाहिले ते घरी आणण्याची संधी काळाने त्यांना दिली नाही.

ती संधी राजर्षी शाहू महाराजांना मिळाली. १९०२ साली बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध जाहीरनामा याच प्रवासाच्या काळातला आहे. रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात आपल्याकडेही मल्लांसाठी तसे मैदान असावे असे आले, आणि त्यातून खासबागेचे मैदान उभे राहिले, असे कोल्हापुरात सांगतात. १९१२ साली ते मैदान खुले झाले. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. परदेशी पाहिलेल्या गोष्टीचे रूपांतर घरच्या मातीत कसे करावे, याचा हा वस्तुपाठच होय. रोमचे दगड महाराजांनी आणले नाहीत. तेथल्या प्रेक्षागाराची कल्पना आणली आणि तिच्यात लाल माती, कुस्ती आणि हलगी बसवली.

तिसरा प्रसंग १९२० चा. मार्च महिन्यात माणगाव येथे परिषद झाली. तरुण डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे उपस्थित राहिले. त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, आणि त्या कामी महाराजांचे द्रव्यसाहाय्य त्यांना झाले. परदेशची विद्या म्हणजे केवळ पोटाची सोय नव्हे, गावगाड्याकडे नव्या डोळ्यांनी पाहण्याचे ते साधन आहे, हे त्या विद्यार्थ्याने पुढे सिद्ध करून दाखविले.

चौथा प्रसंग प्रत्यक्ष कोरियाचा आहे. २५ जून १९५० रोजी सुरू झालेले कोरियाचे युद्ध २७ जुलै १९५३ च्या तहाने थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करावे, हा पेच उरला. त्यांना सांभाळण्यासाठी भारताने आपली फौज पाठविली. तिचे सेनापती होते आपल्या जिल्ह्यातील वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात, तेही सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकून आलेले. बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैदी त्यांच्या ताब्यात आले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा विरोध इतका, की आपल्या सैनिकांना त्या देशाच्या भूमीवर पाऊलही ठेवता आले नाही. बंदरातून हेलिकॉप्टरने त्यांना थेट दोन्ही बाजूंमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. आपल्या छावणीला त्यांनी 'हिंदनगर' नाव दिले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस ठेवले, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात शिरले आणि शांतपणे बोलून त्याला सोडवून आणले. कोल्हापूरच्या माणसाने कोरियाचा आवाज प्रथम ऐकला तो असा, काटेरी तारांतून येणाऱ्या घोषणांचा. युद्धाने होरपळलेल्या त्या देशात तालवाद्यांची मैफल ऐकण्याचे दिवस तेव्हा नव्हते. ते दिवस पुढे कसे आले, ही पाहण्यासारखी हकीकत आहे.

प्रथम त्या मैफलीचे स्वरूप समजून घेऊ. या वादनाला 'सामुलनोरी' म्हणतात. 'सामुल' म्हणजे चार वस्तू, 'नोरी' म्हणजे खेळ. चार वादक, चार वाद्ये. पहिले 'क्वेंगग्वारी', म्हणजे हातात मावणारी पितळी थाळी. लहानशा काठीने ती वाजवतात आणि तिचा आवाज कान चिरत जातो. दुसरे 'जिंग', आपल्या देवळातील तासासारखे मोठे, मऊ टोकाच्या दांड्याने ठोकायचे. त्याचा नाद लांबवर घुमत राहतो. तिसरे 'जांगगू', कमरेत बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद, डमरूचा थोरला भाऊ शोभेल असा ढोल. त्याचे एक तोंड घुमते, दुसऱ्यावर बांबूची बारीक कांबी तडतडते. चौथा 'बुक', पिंपासारख्या अंगाचा साधा, भरदार ढोल. कोरियन लोक क्वेंगग्वारीला वीज म्हणतात, जिंगला वारा, जांगगूला पाऊस आणि बुकला ढग. चारही मिळून पावसाळा होतो. शेतकऱ्याला याहून अधिक काय हवे?

सुरुवात बहुधा संथ लयीत होते. चौघे जमिनीवर मांडी घालून बसलेले असतात. थाळीवाला म्होरक्या. त्याच्या खुणेवर लय बदलते, थोडी चढते, पुन्हा गोळा होते आणि पुढे इतकी वाढते की कोणते वाद्य कोणाचे हे कानाला उमगेनासे होते. मध्येच चौघेही एकदम थबकतात आणि जिंगची घुम तेवढी मागे राहते. कार्यक्रमाच्या शेवटी वादक उभे राहतात. डोक्यावरच्या टोपीला लांब फीत बांधलेली असते. वाजवता वाजवता मान अशी फिरवतात की ती फीत हवेत वर्तुळे काढू लागते. हे सारे पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला रागदारीचे ज्ञान असण्याची गरज नाही, की कोरियन भाषा येण्याची गरज नाही. ताल कळायला कान आणि पाय पुरतात.

आता यामागचा इतिहास. नाट्यगृहात बसून ऐकावयाचे हे वादन मूळचे नाट्यगृहातले नाही. ते शेताच्या बांधावरचे आहे. भाताची लावणी, भांगलण अशी कामे गावाने मिळून करायची, आणि पुढे ढोल-थाळी वाजत राहायची, अशी तेथील रीत होती. या वादनाला 'नोंगाक', म्हणजे शेतकऱ्यांचे संगीत, असे नाव आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, तसा यांच्या ताफ्यापुढेही उंच निशाणाचा मान असे. वर्षातील पहिल्या पौर्णिमेस हा ताफा घरोघर जाऊन अंगणात वाजवी, इडापिडा घालवी आणि धान्य गोळा करी. आपल्या खेड्यातील माणसाला यात परके असे काय आहे?

शेतकऱ्यांबरोबर आणखी एक वर्ग हे वादन करी. 'नामसादांग' नावाचे फिरस्ते ताफे गावोगाव हिंडत. ढोल, दोरीवरच्या कसरती, थाळ्या फिरवणे, मुखवट्यांचे नाट्य, बाहुल्यांचा खेळ असे त्यांचे सहा प्रकारचे खेळ. आपल्याकडचे डोंबारी, कोल्हाटी आणि तमासगीर एकत्र केले तर त्यांची कल्पना येईल. त्यांचे खेळ पाहायला सगळा गाव लोटे, पण त्यांना गावात स्थान नसे. १३९२ पासून चाललेल्या चोसन राजवटीत समाजाचे थर पक्के होते. सर्वांत खालच्या थरात कलावंत, भगत, दास आणि जनावरे कापणारे व कातडी कमावणारे 'पेक्जोंग' होते. ढोलाला कातडे हवे, कातडे देणारा अपवित्र. उत्सवाला ढोल हवा, ढोलवाला हलका. ही तऱ्हा केवळ आपल्याच देशाची नव्हे.

१८९४ साली कोरियात मोठ्या सुधारणा झाल्या आणि जन्मावर आधारलेले हे थर कायद्याने रद्द झाले. शाहू महाराजांनी कोल्हापूरची राज्यसूत्रे हाती घेतली तेही हेच वर्ष. अर्थात कायदा झाला म्हणून मने बदलली नाहीत. पेक्जोंगांच्या मुलांना शाळेत घेण्यास लोक विरोध करीत. शेवटी १९२३ साली जिंजू या गावी त्यांनी समतेसाठी संघटना उभारली. तिचे नाव त्यांनी तराजूवरून घेतले. ज्या तराजूत आपण मांस तोलतो, त्याच तराजूत माणसेही सारखी भरली पाहिजेत, हा त्यातला अर्थ. चारच वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही माणसे एकाच काळात एकच गोष्ट मागत होती.

दरम्यान, १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचे राज्य होते. लोकांनी जमावे हेच परक्या सत्तेला नको असल्यामुळे गावच्या उत्सवांवर गदा आली. महायुद्धात तोफगोळ्यांसाठी घरोघरची पितळी भांडी जप्त झाली. त्यानंतर देशाची फाळणी, मग तीन वर्षांचे युद्ध, मग कारखाने आणि शहरे. लावणीला माणसे मिळेनात, तेथे ढोल कोण वाजवणार? १९६२ साली तेथील सरकारने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. १९६४ साली नामसादांगांच्या खेळांना आणि १९६६ साली जिंजूच्या नोंगाकाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. पण सरकारी यादीत नाव आले म्हणजे कला जगते, असा अनुभव कोठेच नाही. तरुणांना हा आवाज म्हाताऱ्यांचा, खेडवळांचा वाटत होता.

अशा वेळी, १९७८ च्या फेब्रुवारीत, सेऊलमधील एका लहानशा नाट्यगृहात चार तरुण ही चार वाद्ये घेऊन बसले. त्यांत किम डुक-सू नावाचा पंचविशीतला वादक होता. त्याचा बाप नामसादांगांच्या ताफ्यातला. हा स्वतः पाच वर्षांचा असताना, मोठ्यांच्या खांद्यांवर उभा राहून नाचणारे पोर म्हणून प्रथम लोकांपुढे आला होता. ज्या घराण्याची कला हलकी ठरलेली, त्या घरचा मुलगा राजधानीत जाणकारांपुढे ताठ मानेने बसला. त्यांनी गावोगावच्या वादनातील बोल गोळा केले, त्यांतला फापटपसारा काढला, लयीचा चढ-उतार बांधला आणि तास-दीड तास माणूस जागचा हलणार नाही असा प्रयोग तयार केला. 'सामुलनोरी' हे नाव एका लोकविद्येच्या अभ्यासकाने सुचविले. थोड्याच वर्षांत अमेरिका, जपान येथे त्यांचे दौरे झाले. आज ते नाव एका संचाचे न राहता एका कलाप्रकाराचे झाले आहे, आणि शाळा-महाविद्यालयांतून ती वाद्ये शिकवली जातात.

या हकीकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकात कोरियातील विद्यार्थी लष्करी राजवटीविरुद्ध उठले. १८ मे १९८० रोजी ग्वांगजूमधील चोन्नाम विद्यापीठाच्या दारातच विद्यार्थी आणि सैनिक यांची पहिली चकमक झाली आणि त्या शहराने फार मोठी किंमत मोजली. आपले विद्यार्थी ज्या विद्यापीठात शिकायला जातात त्याचाच हा दरवाजा आहे. त्या दशकात विद्यापीठा-विद्यापीठांतून विद्यार्थ्यांनी ढोलांची मंडळे काढली, खेड्यांत जाऊन म्हाताऱ्यांकडून बोल शिकले आणि मोर्च्यांच्या अग्रभागी ते वाजविले. डॉक्टर-वकिलांच्या मुलांनी शेतकऱ्याचा ढोल गळ्यात अडकवला. आमच्या मते नाट्यगृहातील त्या चौघांइतकेच हे महत्त्वाचे आहे. कारण येथे वाद्य आणि जन्म यांची गाठ सुटली. ढोल ज्याला हवा त्याचा झाला. २००९ साली नामसादांगांचे खेळ आणि २०१४ साली नोंगाक यांचा समावेश युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केला, तो या सगळ्या खटपटीचा शेवटचा शिक्का होता.

श्रोतेहो, आता आपण घरी येऊ.

कोल्हापूरच्या मातीत तालवाद्यांची वाण नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरांचे ढोल घुमतात आणि भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीखाली हलगी, पिपाणी, सनई वाजते. शाहिराच्या हातात डफ असतो, तमाशात ढोलकी असते, लेझमीला हलगीची साथ असते. आणि खासबागेत दोन मल्ल समोरासमोर आले की हलगी, घुमके आणि कैताळ यांचा जो कडकडाट उठतो, त्याने बघ्याच्याही दंडात बेटकुळी येते. हलगी दिसायला किती साधी! एका कड्यावर ताणलेले कातडे, एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक छडी. वाजवण्यापूर्वी जाळावर धरून ती तापवायची, म्हणजे कातडे आवळते आणि आवाज खणखणीत होतो. जाडी काठी बोल सांगते, बारीक छडी त्यात तडतडते. जांगगूच्या दोन तोंडांवर कोरियन वादक जे करतो, ते आपला वादक एकाच तोंडावर करतो.

त्याच खासबागेच्या भिंतीला लागून केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत त्याची जी हानी झाली, तिने सारे कोल्हापूर हळहळले. त्या रंगमंचावर तबला वाजला, पखवाज वाजला, ऑर्गनचे सूर घुमले. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई या नगरीने मानाने सांभाळला. १८८३ पासूनचा गायन समाज आपण देवल क्लब म्हणून अभिमानाने दाखवतो. हा अभिमान रास्त आहे. पण भिंतीच्या अलीकडे तबला वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापले जाते, आणि पलीकडे हलगी वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारतही नाही. कुस्ती कोण जिंकला हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. ज्याने चार तास उन्हात उभे राहून दोन्ही मल्लांच्या अंगात वारे भरले, त्याला 'हलगीवाला' एवढीच ओळख. हे असे का?

याचे उत्तर वाद्यात नाही. धनगर आपल्या बिरोबापुढे ढोल वाजवतो, तेव्हा त्यात त्याला कोणी कमीपणा मानत नाही, आणि तोही मानत नाही. तेही कातडेच आहे. फरक एवढाच की तो आपल्या देवासाठी, आपल्या इच्छेने वाजवतो. हलगीची गोष्ट निराळी. गावगाड्यात ती जन्माने वाट्याला आलेली चाकरी होती. दवंडी पिटायची, वरात वाजवायची, मयताच्या पुढे वाजवायचे, साहेब आला की वाजवायचे. बोलावले की जायचे, आणि मिळेल ते शिळेपाके पदरात घ्यायचे. महार आणि मातंग समाजांच्या माथी ही आणि अशी अनेक कामे वतनाच्या नावाने मारलेली होती. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याची कला लोकांना कला वाटत नाही, ती त्यांना हक्काची सेवा वाटते.

म्हणूनच १९१८ साली शाहू महाराजांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या, त्या घटनेला आम्ही संगीताच्या इतिहासातही स्थान देऊ इच्छितो. म्हणूनच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने कायमची गेली. ज्यांनी त्या काळात गावकीच्या कामांबरोबर हलगीही खुंटीला टांगली, त्यांनी कलेचा द्रोह केला असे म्हणणारे लोक आम्हांला भेटतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. त्यांनी जे टाकले ते वाद्य नव्हते, त्यावरची सक्ती होती. वेठीला 'नाही' म्हटल्याशिवाय स्वेच्छेने 'हो' म्हणता येत नाही. कोरियात हेच झाले. आधी थर मोडले, मग तराजूची चळवळ झाली, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ढोल रंगमंचावर चढला. हा क्रम उलटा करता येणार नाही.

या ठिकाणी दोन शंका निघतील. पहिली अशी की, हलगी मैदानातून उचलून रंगमंचावर नेली तर तिचा जीव जाणार नाही काय? शंका खोटी नाही. सामुलनोरीवर खुद्द कोरियातील जाणत्यांचा हाच आक्षेप आहे. नोंगाकात सारा गाव नाचत असे, येथे गाव खुर्चीत बसून टाळ्या देतो. वादनातली सफाई वाढली आणि सहभाग कमी झाला. हा तोटा आम्हांला मान्य आहे. पण कोणी रंगमंचासाठी मैदान सोडावे असे आम्ही म्हणत नाही. कोरियात आजही जिंजूसारख्या गावांत उघड्यावरचे वादन होते, आणि नाट्यगृहातील कीर्तीमुळे तिकडे पाहण्याची लोकांची दृष्टी सुधारली आहे. शिवाय आपल्याकडे मैदान धोक्यात आले आहे ते रंगमंचामुळे नव्हे. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहिल्या, की हलगीवाल्याच्या दोन काठ्या काय करणार? भाड्याने आणलेल्या यंत्राला हजारो रुपये मोजणारे मंडळ हलगीच्या संचाशी मात्र घासाघीस करते, हे दृश्य कोणत्याही पेठेत पाहायला मिळते.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. ज्या समाजांनी मोठ्या कष्टाने हे काम सोडले, त्यांच्या मुलांना पुन्हा तिकडे लोटायचे काय? मुळीच नाही. ज्याच्या आजोबाने हलगी खाली ठेवली, त्याचा नातू संशोधक होऊन कोरियास गेला तर तोच खरा विजय आहे, आणि त्याने तिला पुन्हा कधी हात लावू नये असे ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे. हलगी टिकवण्याचे ओझे एकाच समाजाच्या खांद्यावर टाकणे हे जुनेच वतन नव्या नावाने चालू करणे होईल. ती सर्वांनी शिकावी. कोरियातील वकिलाच्या मुलाने जांगगू उचलला, तर कोल्हापुरातील वकिलाच्या मुलीने हलगी का उचलू नये? आणि शिकवणारा जो कोणी जुना जाणता असेल, त्याला 'गुरुजी' म्हणून, पाटावर बसवून, योग्य बिदागी देऊन शिकावे.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. यात्रेच्या, कुस्तीच्या, शिवजयंतीच्या पत्रिकेवर मल्लांच्या आणि पाहुण्यांच्या नावांबरोबर वादकांची नावे छापावीत. बिदागी आधी ठरवावी आणि सन्मानाने हातात द्यावी. शाळांतून लेझीम शिकवली जाते, तिच्याबरोबर हलगीही मुलामुलींना शिकवावी. आपल्या विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. गावोगावच्या जुन्या वादकांचे बोल ध्वनिमुद्रित करून, कोणता बोल कुस्तीचा, कोणता पालखीचा, कोणता लेझमीचा, याची नीट नोंद तेथे व्हावी. सेऊलच्या त्या चौघांनी आधी हेच केले होते. टाळ्या नंतर आल्या. आणि वर्षातून एक सायंकाळ तरी अशी असावी, की जिला आपण श्रोते म्हणून जाऊ, खाली बसू, आणि दुसरे कोणतेही निमित्त नसताना केवळ हलगी ऐकू.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांकडून आमची मागणी याहून थोडी अधिक आहे. तेथील वादनाचे कौतुक त्यांनी अवश्य करावे. परक्याच्या कलेला मनापासून दाद देणे हेही सुसंस्कृतपणाचेच लक्षण आहे. परंतु टाळ्या वाजवून झाल्यावर त्यांनी तेथील माणसांना विचारावे, की हे वाजवणारे पूर्वी कोण होते, त्यांना तुम्ही कसे वागवीत होता, आणि तुमचे मन केव्हा आणि कशाने बदलले. या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन जो मुलगा किंवा मुलगी परत येईल, तिच्या पदवीची किंमत आम्ही दुप्पट समजू. शाहू महाराजांनी रोमहून मैदानाची कल्पना आणली. या मुलांनी सेऊलहून आणि ग्वांगजूहून एवढे आणले, तर त्या मैदानात शंभर वर्षे उभ्याने वाजवणाऱ्या माणसाला बसायला एक पाट मिळेल.